श्वास ऐकून सुरू करायचं

अकोल्यातल्या एका दवाखान्यात मी रोज पंधरा-वीस माणसांना फुंकायला लावतो. डॉक्टरांच्या कागदावर त्या तपासणीला मोठं इंग्रजी नाव आहे, पण पेशंट तिला फुंकायची टेस्टच म्हणतात, आणि मलाही तेच बरं वाटतं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छातीभर श्वास, मग जोरात फुंकर. पडद्यावर एक आकृती उमटते. आडव्या रेघेच्या वर सोडलेला श्वास, खाली आत घेतलेला. वर त्रिकोणी शीड, खाली गोल बूड, अशी एक होडीच म्हणा ना. बावीस वर्षं मी या होड्या पाहतो आहे. बिडी ओढणारा ‘सुपारीचंही व्यसन नाही’ म्हणाला तरी होडी मला खरं सांगते. त्यामुळे भुताखेताच्या गोष्टी घेऊन कुणी आलं की मी त्याला चहा पाजून वाटेला लावतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझी मुलगी प्रियदर्शनी. घरात प्रिया. तीन वर्षांची असताना तिला दमा निघाला, आणि पुढची सहा-सात वर्षं मी आणि माझी बायको माया पाळीपाळीने तिच्या उशाशी बसून श्वास मोजत होतो. तिचा श्वास आत जाताना शेवटी बारीक शिट्टी वाजायची. पुढे दमा आटोक्यात आला, शिट्टी मात्र राहिली. हजार माणसांच्या गर्दीत मी तो श्वास ओळखला असता. फुफ्फुसांना व्यायाम म्हणून मीच तिच्या हातात फ्लूट दिली. आपली बांबूची नव्हे, बँडवाल्यांची धातूची, आडवी. व्यायामाचा नाद झाला आणि नादाचा ध्यास. आता तिला चेन्नईच्या एका संगीत कॉलेजात जायचं होतं. फ्लूटच्या दोनच जागा. मागच्या वर्षी तिचं रेकॉर्डिंग परत आलं होतं, सोबत एक ओळ: श्वासामुळे सुरावट तुटते. यंदा वयाच्या अटीने शेवटची संधी होती. ती ओळ तिने आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली होती, आणि रोज वेणी घालताना ती वाचायची. मला ते बघवत नसे.

पाठवायचा होता एक सोनाटा. फ्लूट आणि पियानो, तीन भाग, मधे काटछाट चालणार नाही. फ्लूट ती वाजवणार. पियानो मी.

वऱ्हाडातल्या आमच्यासारख्या घरात पियानो कुठून आला, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. माझे वडील पुंजाजी वानखडे अमरावतीला कॅम्पातल्या एका शाळेत शिपाई होते. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीला लावलेला उभा पियानो होता आणि तो वाजवणाऱ्या रणभिसे बाई होत्या. बाई एकट्या राहायच्या, कमी बोलायच्या. त्यांनी मला आठ वर्षं फुकट शिकवलं. शिकवताना त्या माझ्या उजव्या हाताला बसायच्या. डाव्या हाताला कुणी थांबलेलं त्यांना चालायचं नाही. वडील निरोप घेऊन आले तरी त्यांनाही त्या फिरून उजवीकडून यायला लावायच्या. मला वाटायचं, शिक्षिकेचं खूळ.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला जन्माची लावली. पियानो भिंतीकडे तोंड करून असल्याने वाजवणाऱ्याला मागचा फ्लूटवाला दिसत नाही. इतर लोक मान वळवतात, आरसा लावतात. बाई म्हणायच्या, बघायचं नाही. फ्लूटवाला सूर लावण्याआधी श्वास घेतोच. तो ऐकायचा आणि त्यावर सुरू करायचं. माझ्या शिकण्याच्या दिवसांत त्या एक सोनाटा सारखा वाजवायच्या, नुसता पियानोचा भाग. मधेच हात वर धरून थांबायच्या, कान देऊन, आणि मग बरोबर वेळेवर पुढे जायच्या. फ्लूट वाजवणारं हॉलमध्ये कुणी नसायचं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मोठी माणसं करतात ते बरोबरच असतं असं वाटण्याचं वय.

बाई दोन हजार तेरात गेल्या. त्यांच्या वह्या शाळेने मला दिल्या. त्यात त्यांच्या अक्षरात उतरवलेला तो सोनाटा होता, आणि कॉलेजच्या यादीतही तो होता. आयतं सापडलं म्हणून मी खूश झालो. वहीत फ्लूटच्या ओळीवर श्वासाच्या जागा लाल पेन्सिलीने स्वल्पविरामासारख्या टिपून ठेवल्या होत्या. पहिल्या भागात भरपूर. तिसऱ्यातही. मधल्या, हळू भागात एकही नाही.

मार्चचा दुसरा रविवार. सकाळच्या एसटीने आम्ही अकोल्याहून निघालो. मूर्तिजापूरला प्रियाने पोहे खाल्ले, बडनेऱ्यापर्यंत ती झोपली. हॉलची किल्ली इंदूबाईंकडे असते. चाळीस वर्षं त्या शाळेची झाडलोट करतात आणि मला अजून ‘पुंजाजीचा पोरगा’ म्हणतात. त्यांनी दार उघडलं, वरूडहून भावाने पाठवलेली चार संत्री हातावर ठेवली आणि बाहेरच्या पायरीवर बसल्या. पंखा लावला की पानं उडतात, म्हणून पंखा बंद. पानांना कपड्यांचे चिमटे लावले. पत्र्यावर कबुतरं चालत होती. प्रिया माझ्या उजवीकडे, जरा मागे उभी राहिली.

पहिला भाग झाला. हळू भाग दोघांनी एकदम सुरू करायचा असतो. मी हात पट्ट्यांवर ठेवले आणि कान दिला. श्वास आला. मी सुरू केलं. फ्लूट आलीच नाही.

“पप्पा, तुमी आधीच काहून सुरू केलं? मी श्वास घेतलाच नव्हता.”

मी म्हणालो, ऐकू आला. ती म्हणाली, कबुतर असंल. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती चिडली, आणि तिचं बरोबर होतं. साथ करणाऱ्याने घाई करावी यासारखा दुसरा गुन्हा नाही. मी माफी मागितली. त्या भागात सात बारची, म्हणजे आपल्या सात आवर्तनांसारखी, एक लांब ओळ आहे, बावीस सेकंदांची. ती एका श्वासात काढायची असते. प्रिया दर वेळी सोळाव्या सेकंदाला फुटायची. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि संत्री तशीच पिशवीत राहिली.

सोमवारी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी रविवारी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग कानात घालून ऐकलं. हळू भागाची सुरुवात तीनदा होती. तिन्ही वेळा माझ्या पहिल्या सुरांआधी श्वास होता. स्पष्ट, खोल, पूर्ण. मग माझे सूर, मग प्रियाचा श्वास, शिट्टीसकट. पहिल्या श्वासाला शिट्टी नव्हती.

माझाच असेल, असं मी ठरवलं. माणूस स्वतःचा श्वास ऐकत नाही. हे मी पेशंटना रोज सांगतो.

पुढच्या रविवारी प्रिया गाडीतच म्हणाली की पप्पा, श्वासाची खूण तुमीच द्या, मी त्यावर येते. भांडण मिटत होतं, मी हो म्हणालो. हॉलमध्ये हळू भागापाशी मी हात ठेवून बसलो आणि मुद्दाम श्वास रोखून धरला. म्हटलं, आता बघू. मान वळवली नाही. सवय आणि भीती यांत तेव्हा फरक करता आला नसता.

डावीकडून श्वास आला. आम्ही दोघं एकदम सुरू झालो, इतके एकदम की माझ्या अंगावर काटा आला.

सात बारची ओळ जवळ आली. सोळावा सेकंद गेला. विसावा गेला. बावीस. ओळ पूर्ण झाली आणि फ्लूट थांबली नाही, पुढच्या ओळीत गेली. भाग संपल्यावर प्रियाने मला मागून मिठी मारली. “तुमी किती बरोबर जागी श्वास देता पप्पा. तुमी घेतला की माह्याच छातीत भरल्यासारखं होते.”

मी काही दिलं नव्हतं. तिला मात्र तसं सांगितलं नाही. वर्षभरात ती इतकी हसली नव्हती, आणि मला ते हसू हवं होतं. खरं सांगायचं तर रेकॉर्डिंगही हवं होतं.

त्या आठवड्यात माया खुशीत होती. पोरीची शिट्टी गेली म्हणाली. झोपेतही वाजत नाही. सोळा वर्षांनी तिला शांत झोप लागत होती. मला लागत नव्हती. रात्री जेवताना मी प्रियाकडे बघत बसायचो. ती घास खायची, बोलायची, पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा करायची, पुन्हा बोलायची. तिच्या बोलण्यात मधली जागा नव्हती. मी ऐकायचा प्रयत्न करायचो आणि पंख्याचा आवाज मोठा वाटायचा.

बुधवारी मी तिला दवाखान्यात नेलं. कॉलेजला तब्येतीचा दाखला लागेल, अशी थाप मारली. आधी मशीन तपासलं. त्यासाठी तीन लिटरचा पंप असतो. हवा ढकलायची, ओढायची, आकडा तीन आला की मशीन शुद्धीवर आहे. तीनच आला. प्रियाने नळी तोंडात धरली आणि फुंकर मारली.

पडद्यावर शीड उभं राहिलं. शेवटाला रेघ खाली यायला हवी, ती आडवी धावत राहिली. सहा सेकंद. दहा. पंधरा सेकंदांना मशीन स्वतःच थांबतं, ते थांबलं. प्रिया अजून फुंकत होती. मी तिच्या खांद्याला हात लावून म्हणालो, आता आत घे. तिने मान डोलावली, छाती हलवली, नळी काढली आणि विचारलं, झालं ना?

कागदावर शीड होतं. खाली बूड नव्हतं.

मी पुन्हा पंप लावला. तीन. माझी स्वतःची टेस्ट केली. शीड, बूड, सगळं जागच्या जागी. कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कुणाला दाखवायचा? डॉक्टर म्हणाले असते, वानखडे, मशीन बिघडलं. मीही दुसऱ्याला तेच म्हणालो असतो.

शेवटचा रविवार पाडव्याचा होता. संध्याकाळी सहापर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. बडनेऱ्यापासून घराघरावर गुढ्या दिसत होत्या. प्रिया नवी कुर्ती घालून आली होती आणि वाटभर बोलत होती: चेन्नईचं हॉस्टेल, तिथलं जेवण, समुद्र. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो. मूर्तिजापूर ते बडनेरा मी तिचा एकही श्वास मोजू शकलो नाही.

पहिला भाग एका फटक्यात झाला. मोबाइल पियानोच्या डोक्यावर उभा करून ठेवला होता, लाल टिकली चालू. पानं चिमट्यांत. ऊन पत्र्यावर तापत होतं आणि कबुतरं गप्प होती.

मी हात ठेवले.

डावीकडून श्वास आला, पहिल्यापेक्षा जवळून. माझ्या शर्टाची कॉलर हलली.

आम्ही सुरू केलं.

उजवीकडे फ्लूट वाजत होती, शुद्ध, सलग. प्रत्येक ओळीआधी श्वास यायचा आणि तो डावीकडूनच यायचा. उजवीकडून एकदाही नाही. सात बारची ओळ आली. मी मनात म्हणालो, थांब. हात उचल. एक चूक कर, एक खोटा सूर लाव, म्हणजे सगळं मोडेल आणि पोरगी खोकेल, चिडेल, धापा टाकेल.

माझे हात चालत राहिले.

यापेक्षा चांगलं मी आयुष्यात वाजवलं नाही. तिनेही नाही. आणि सहा वाजायचे होते.

शेवटचा सूर तिने धरला. वहीत तो चार मात्रांचा आहे. तिने तो सोडला तेव्हा मी मान वळवली. तिचा चेहरा कोरडा होता. छाती स्थिर. ती माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या खांद्यापलीकडे बघून हसली, जसं साथीदाराकडे बघून हसतात.

तिसरा भाग कसा झाला ते मला आठवत नाही.

किल्ली द्यायला मी पायरीवर गेलो. प्रिया आत फ्लूट पुसत होती. इंदूबाईंनी किल्ली कनवटीला लावली, पण उठल्या नाहीत. म्हणाल्या, “पोरगी लय चांगली वाजवते. पन तिले सांगजो, मधी मधी थांबत जा म्हना.”

मी विचारलं, काहून?

“रणभिसे बाई कशा गेल्या, तुले कोनी सांगतलं नाई ना?”

मला हार्ट अटॅक म्हणून सांगितलं होतं.

इंदूबाईंनी डोकं हलवलं. “मी अंगनात झाडून राहिली होती. बाई वाजवून राहिल्या होत्या. वाजवता वाजवता थांबल्या. त्या थांबतच असत, हात वर धरून, म्हून मी काई ध्यान देल्लं नाई. लय वेळ झाला त आत जाऊन पायलं. बाई तशाच बसेल होत्या. हात वर, डोये उघडे, कान देऊन. जशी कोनाची वाट पाहून राहिल्या. डाक्टर म्हने हार्ट नाई, दमा नाई, काईच नाई. श्वास घ्यायचा राहूनच गेला बाईचा.”

आतून प्रियाने हाक मारली, पप्पा, नेटवर्क आहे, पाठवून देऊ का? पावणेपाच वाजले होते. मी हॉलमध्ये गेलो. रेकॉर्डिंग एकदा ऐकू म्हणालो. हळू भाग लावला. त्यात एकही श्वास नव्हता, तिचा नाही, डावीकडचा नाही. नुसता पियानो आणि फ्लूट, धुतल्यासारखे स्वच्छ. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. आरशातली ती ओळ मला आठवली. मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकू शकलो असतो. बोट तिथेच होतं. पोरगी वर्षभर रडली असती, मला बोल लावला असता, आणि अकोल्यात आमच्या घरी शिट्टी वाजवत झोपली असती.

मी म्हणालो, पाठव.

जूनच्या अखेरीस आम्ही तिला चेन्नईला सोडून आलो. माया परतीच्या गाडीत रडली. मी रडलो नाही, मी ऐकत होतो. गाडीत काही नव्हतं. घरी आल्यावर मी बाईंची वही कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. काय समजून लावलं, कोण जाणे.

ती रविवारी दुपारी फोन करते. माया तेव्हा विहारात गेलेली असते. मी बैठकीत दिवाणावर बसतो, फोन उजव्या कानाला. पहिल्याच रविवारी ती सांगत होती की कॉलेजात सगळे कौतुक करतात, एक पियानोवाला पोरगा तेवढा वैतागतो. “तो म्हणते, तुहा श्वासच ऐकू येत नाई, मी सुरू कधी करू? मी म्हटलं, माह्या पप्पाले येते ऐकू.” आणि हसली.

ती हसायच्या आधी मी तो ऐकला होता. खोल, पूर्ण, शिट्टी नसलेला. फोनमधून आला असता तर उजव्या कानात आला असता.

तेव्हापासून मी घड्याळ जवळ घेऊन बसतो. मोजणं हाच माझा धंदा. बैठकीत, माझ्या डाव्या हाताला श्वास येतो, मग तिचं वाक्य येतं. पुढच्या वाक्याआधी पुन्हा. सुरुवातीला मधे खंड पडत नव्हता. मग कधीतरी ती बोलता बोलता थांबायला लागली. दोन सेकंद, तीन. मी विचारलं, काय झालं बेटा? ती म्हणाली, कुठं काय? तिला थांबलेलं कळत नाही. मी रविवारी कुठे जात नाही. लग्न नाही, मौत नाही. डाव्या बाजूची खुर्ची मी हलवली आहे, तिथे माया बसत असे. आता कुणाला बसू देत नाही.

मागच्या रविवारी सात सेकंद होते.

काल ती हवेविषयी बोलत होती. आमच्याकडे पाऊस झाला का, विचारलं. झाला म्हणालो.

“इथं काईच नाई पप्पा,” ती म्हणाली, “नुसतं”

मी घड्याळाकडे बघितलं. चार. पाच. फोन चालू होता, मागे हॉस्टेलमधल्या पोरींचा आवाज येत होता. मी माझा श्वास धरला आणि डावीकडे कान दिला. तिथे काही नव्हतं. आठ. मी हात वर धरला होता, हे मला नंतर कळलं. दहा.

अकराव्या सेकंदाला, माझ्या कानाजवळ, कुणीतरी सावकाश श्वास घेतला.

“उकडते,” प्रिया म्हणाली.